षड्जापासून दूर : युरोपचे रोमँटिक संगीत

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासात साधारण १८२० ते १९१० या नव्वद वर्षांना रोमँटिक कालखंड म्हणतात. शोपँचे नॉक्टर्न, मेंडेल्सोनचे लग्नात वाजणारे संचलन, चायकॉव्हस्कीचा ‘स्वान लेक’ बॅले, व्हेर्दीचे ऑपेरे हे सगळे याच काळातले. मराठीत ‘रोमँटिक’ म्हटले की प्रेमप्रसंग आठवतो, पण इथे तो अर्थ अपुरा पडतो. हा शब्द मध्ययुगातल्या ‘रोमान्स’वरून आला. लोकभाषेत सांगितलेल्या वीरांच्या, अद्भुताच्या, दूरदेशीच्या कथांना रोमान्स म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन आणि इंग्रज कवींनी या शब्दाला नवा आशय दिला : नियमांहून कल्पनाशक्ती मोठी, निसर्ग हा मनाचा सोबती, आणि एकट्या माणसाचे अंतरंग हा काव्याचा पुरेसा विषय. याच वळणाची इंग्रजी कविता वाचून केशवसुतांनी मराठी कवितेला वेगळी वाट दिली, त्यामुळे साहित्यातला हा प्रवाह मराठी वाचकाला परका नाही.

संगीताला हे विशेषण ठळकपणे लावले ते ई. टी. ए. हॉफमन याने. हा जर्मन लेखक पेशाने न्यायाधीश होता आणि स्वतः संगीतही रचत असे. १८१० मध्ये लाइपझिगच्या एका संगीत-नियतकालिकात त्याने बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीवर, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचनेवर, दीर्घ लेख लिहिला. शब्दांवाचून केवळ वाद्यांवर उभे असलेले संगीत ही सर्व कलांमधली सर्वांत रोमँटिक कला आहे, असे त्याचे म्हणणे. ज्याला नाव देता येत नाही, त्याची ओढ तेच लावू शकते, म्हणून. तोवर वाद्यसंगीत हे गाण्यापेक्षा दुय्यम, मेजवानीच्या वेळी मागे वाजत राहण्याची गोष्ट समजले जाई. हॉफमनने त्याला तत्त्वज्ञानाच्या पंक्तीला बसवले, आणि पुढच्या तीन पिढ्यांनी ते मानले.

ही ओढ स्वरांत नेमकी कुठे असते, हे समजून घेतल्याशिवाय या संगीताचे मर्म हाती लागत नाही. हिंदुस्थानी मैफलीत तंबोऱ्याचा षड्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असतो आणि गायकाचा सगळा विस्तार त्याच्या साक्षीने होतो. पाश्चात्त्य संगीतात षड्ज हलतो. रचना एका आधारस्वरावर सुरू होते, मध्येच दुसऱ्या स्वराला षड्ज मानून त्या घरात जाते, तिथून तिसऱ्या घरी, आणि शेवटी मूळ घरी परतते. हा प्रवास घडवतात त्या कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर. काही कॉर्ड शांत, स्थिरावलेल्या असतात. काही विसंवादी असतात, त्या कानाला अस्वस्थ करतात आणि पुढच्या शांत कॉर्डची मागणी करतात. समेची वाट पाहणाऱ्या श्रोत्याला हा ताण ओळखीचा वाटेल. हायडन आणि मोझार्ट यांच्या पिढीत हा प्रवास आखीव असे. घरातून बाहेर पडणे, जवळपास फिरणे आणि ठरल्या वेळी परतणे, यातला तोल हेच त्या संगीताचे सौंदर्य होते. रोमँटिक रचनाकार अधिकाधिक दूर गेले आणि परतणे लांबवत राहिले. रोमँटिक संगीताची शैली म्हणजे मुख्यतः या लांबवण्याची गोष्ट आहे.

या बदलामागे समाजातलाही एक बदल होता. हायडनने जवळजवळ तीस वर्षे हंगेरीच्या एस्टरहाझी सरदारघराण्याकडे नोकरी केली. तो दरबारचा गणवेश घालत असे आणि धन्याच्या फर्माईशीप्रमाणे रचना करत असे. नेपोलियनच्या युद्धांनी अनेक छोटे दरबार खिळखिळे केले, आणि त्यांची जागा शहरांतल्या व्यापारी, वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशा मध्यमवर्गाने घेतली. व्हिएन्नात १८१२ मध्ये आणि लंडनमध्ये १८१३ मध्ये संगीतप्रेमींच्या संस्था निघाल्या, तिकीट काढून मैफल ऐकण्याची रीत पडली, छापील स्वरलिप्यांचा बाजार वाढला आणि घरोघरी पियानो आला. रचनाकार धन्याच्या तावडीतून सुटला, पण त्याची मिळकत आता प्रकाशक, शिकवण्या आणि अनोळखी श्रोत्यांच्या पसंतीवर अवलंबून राहिली. कुणाच्या हुकमावरून लिहायचे नाही म्हटल्यावर स्वतःच्या मनातले लिहिण्याला वाव मिळाला. एकाकी, गैरसमज झालेला प्रतिभावंत ही प्रतिमा याच परिस्थितीत तयार झाली.

त्या प्रतिमेला चेहरा मिळाला तो लुडविग फान बेथोव्हेनचा (१७७० ते १८२७). तो अभिजात परंपरेत वाढला आणि तिच्या चौकटी त्याने कधी पूर्णपणे सोडल्या नाहीत, त्यामुळे इतिहासकार त्याला दोन कालखंडांच्या उंबरठ्यावर ठेवतात. त्याची तिसरी सिंफनी, ‘एरोइका’, १८०५ मध्ये व्हिएन्नात जाहीरपणे वाजली. त्या काळच्या नेहमीच्या सिंफनीच्या जवळजवळ दुप्पट लांब, आणि दुसरा भाग म्हणजे चक्क अंत्ययात्रेचे संगीत. ही कृती आधी नेपोलियनच्या नावे होती. तो स्वतःला सम्राट म्हणवून घेणार हे कळताच बेथोव्हेनने संतापून त्याचे नाव खोडले. ते इतक्या जोरात खरवडले गेले की हस्तलिखिताच्या मुखपृष्ठाला भोक पडले, आणि ती प्रत आजही व्हिएन्नात आहे. ७ मे १८२४ रोजी नववी सिंफनी सादर झाली, तेव्हा त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. टाळ्यांचा कडकडाट चालू असताना तो पाठमोराच उभा होता, एका गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळवले. या सिंफनीच्या शेवटच्या भागात शिलरच्या कवितेसाठी गायक आणि समूह उभे राहतात. वाद्ये जिथे थांबली तिथून शब्द पुढे गेले, असे काहींनी मानले. शब्दही शेवटी स्वरांच्या आधाराने उभे राहिले, असे इतरांनी. पुढच्या साऱ्या शतकाचा वाद या एका प्रसंगात सामावलेला होता.

बेथोव्हेनच्या अंत्ययात्रेत मशाल घेऊन चालणाऱ्यांत फ्रान्झ शुबर्ट होता. त्यानंतर दोन वर्षेही पुरी व्हायच्या आत, १८२८ च्या नोव्हेंबरात, एकतिसाव्या वर्षी तोही गेला. एवढ्या आयुष्यात त्याने सहाशेहून अधिक गीते रचली. जर्मन ‘लीड’, म्हणजे एक आवाज आणि एक पियानो यांचे काव्यगीत, त्याच्या आधीही होते, पण तिथे पियानो नुसती साथ करत असे. शुबर्टने त्याला पात्र बनवले. सतराव्या वर्षी, ऑक्टोबर १८१४ मध्ये, त्याने जर्मन कवी ग्योटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातल्या ग्रेशनचे गाणे स्वरबद्ध केले. चरख्यावर सूत कातत ती प्रियकराची आठवण काढते. पियानोत चाकाची घरघर अखंड चालते. चुंबनाच्या आठवणीपाशी ती अचानक थांबते, मग अडखळत, एकेक आवर्तन घेत पुन्हा सुरू होते. मुलीच्या मनात काय झाले ते शब्दांहून चाकच अधिक सांगते. दुसऱ्या वर्षीच्या ‘एर्लक्योनिग’मध्ये बाप आजारी मुलाला घेऊन रात्री घोडा पिटाळतो आहे. पियानोवादकाचा उजवा हात घोड्याच्या टापांसारखा एकच स्वर वेगाने ठोकत राहतो, आणि भुताला पाहून घाबरलेल्या मुलाची किंकाळी दर वेळी आधीपेक्षा वरच्या सुरात येते. निवेदक, बाप, मुलगा आणि भूतराजा या चौघांचे आवाज एकाच गायकाने काढायचे असतात. ग्योटेला शुबर्टची गीते १८१६ मध्ये पाठवण्यात आली होती. ती एका शब्दाच्याही उत्तराशिवाय परत आली.

शुबर्टचे सर्वांत गडद काम म्हणजे १८२७ मधली ‘विंटरराइस’ ही चोवीस गीतांची माला. प्रेमात नाकारला गेलेला तरुण हिवाळ्यात गाव सोडून निघतो आणि चालतच राहतो. शेवटच्या गीतात त्याला बर्फात अनवाणी उभा असलेला, हाताने फिरवायचे तंतुवाद्य वाजवणारा एक म्हातारा भेटतो. त्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही. या गीतात पियानोचा डावा हात सुरुवातीपासून अखेरपर्यंत षड्ज-पंचमाची एकच जोडी धरून ठेवतो. भारतीय कानाला तंबोऱ्याची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट आहे, पण परिणाम अगदी उलटा. ज्या संगीतात षड्जाने हलायचे असते, तिथे तो गोठून गेला की आयुष्य थांबल्यासारखे वाटते.

रोमँटिक काळाचे घरगुती रूप पियानोत दिसते. मोझार्टच्या वेळचा पियानो लाकडी सांगाड्याचा, पाच सप्तकांचा आणि नाजूक आवाजाचा होता. १८२१ मध्ये पॅरिसच्या एरार कंपनीने अशी योजना काढली की पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच स्वर पुन्हा वाजवता येऊ लागला. पुढे ओतीव लोखंडाचा सांगाडा आला, जाड आणि घट्ट ताणलेल्या तारा आल्या, आणि शतकाच्या अखेरीस ८८ पट्ट्यांचे आजचे वाद्य तयार झाले. पायाने दाबायच्या पेडलमुळे तारा मोकळ्या राहतात, आणि एका स्वराची आस दुसऱ्यात मिसळते. रोमँटिक पियानोचा धूसर, ओलसर नाद या पेडलचाच.

त्या नादाचे सगळे बारकावे कुणाला कळले असतील तर ते फ्रेडेरिक शोपँला (१८१० ते १८४९). वॉर्सॉजवळच्या खेड्यात जन्मलेला हा पोलिश तरुण १८३० च्या नोव्हेंबरात देशाबाहेर पडला. काही आठवड्यांतच वॉर्सॉत रशियाविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि शोपँ पुन्हा कधी मायदेशी परतला नाही. त्याने उरलेले आयुष्य पॅरिसमध्ये शिकवण्या करत काढले. जाहीर मैफली त्याने जन्मभरात तीसच्या आसपासच केल्या, पण मोजक्या लोकांसमोर दिवाणखान्यात तो खुलत असे. ऑपेरातल्या गाण्याची लांब, नक्षीदार ओळ त्याने पियानोवर आणली. त्याच्या वादनातला ‘रुबाटो’ शिष्यांनी वर्णन करून ठेवला आहे : डावा हात लय सांभाळतो आणि उजव्या हातातली चाल थोडी मागे रेंगाळते किंवा पुढे सरकते. ठेका स्थिर असताना गायक बोल जसा मागे-पुढे घेतो, तोच हा प्रकार. मझुर्का आणि पोलोनेझ ही पोलंडची नृत्ये त्याच्या हाती परक्या देशात जपलेल्या आठवणी झाली. ई मायनरमधली त्याची छोटी प्रिल्यूड दोन-अडीच मिनिटांची आहे. तिच्यात वरची चाल जवळजवळ एका जागी खिळून असते, आणि खाली डाव्या हातातल्या कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या स्वराने घसरत जातात. चाल काहीच बोलत नाही, सगळे दुःख खालची हार्मनी, म्हणजे कॉर्डची वाटचाल, सांगते. पॅरिसमध्ये त्याच्या अंत्यविधीच्या वेळी हीच रचना ऑर्गनवर वाजली. देह पॅरिसच्या दफनभूमीत राहिला, हृदय त्याच्या इच्छेप्रमाणे वॉर्सॉच्या चर्चमध्ये नेण्यात आले.

रॉबर्ट शुमान (१८१० ते १८५६) हा साहित्यिक वृत्तीचा रचनाकार. लाइपझिगमध्ये १८३४ मध्ये त्याने संगीतसमीक्षेचे नियतकालिक सुरू केले. त्यातून त्याने नव्या कलावंतांचा पुरस्कार केला आणि पोकळ झगमगाटावर टीका. पियानोवादक होण्याचे त्याचे स्वप्न हाताच्या दुखापतीने संपले. क्लारा वीक या असामान्य पियानोवादिकेशी त्याचे लग्न तिच्या वडिलांच्या विरोधामुळे न्यायालयात गेले आणि अखेर सप्टेंबर १८४० मध्ये झाले. त्या एका वर्षात त्याने शंभराहून अधिक गीते लिहिली. हाइनेच्या कवितांवरची ‘डिश्टरलीब’ ही माला त्यातलीच. तिचे पहिले गीत वसंतातल्या प्रेमाविषयी आहे, पण ते संपते एका विसंवादी कॉर्डवर, उत्तर न मिळालेल्या प्रश्नासारखे. श्रोता घरी परतण्याची वाट पाहतो आणि गीतच संपलेले असते. कवितेत कुठेही न सांगितलेली शंका त्या एका कॉर्डने सांगून टाकली. मालेच्या शेवटी आवाज थांबल्यावर पियानो बराच वेळ एकटाच बोलत राहतो. पुढे शुमानचे मन ढासळले. १८५४ मध्ये त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली, त्याला वाचवण्यात आले, आणि दोन वर्षांनी तो मनोरुग्णालयात वारला.

क्लाराने (१८१९ ते १८९६) त्यानंतर चाळीस वर्षे मुलांचा सांभाळ केला, युरोपभर मैफली केल्या आणि नवऱ्याच्या रचना श्रोत्यांपर्यंत पोहोचवल्या. रचनाकार म्हणून मात्र तिने लेखणी बरीच आधी खाली ठेवली, कारण हे काम बाईने करावे का, याची शंका तिच्या मनात त्या काळाने रुजवली होती. फॅनी मेंडेल्सोनची कथा याहून कठीण. संगीत तुझ्यासाठी अलंकारच राहील, तो व्यवसाय भावाचा, असे वडिलांनी तिला चौदाव्या वर्षीच लिहून कळवले. तिची काही गीते भाऊ फेलिक्सच्या नावाने छापली गेली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने फेलिक्ससमोर त्याचे म्हणून एक आवडते गीत गायले, तेव्हा ते बहिणीचे आहे हे त्याला कबूल करावे लागले. चारशेहून अधिक रचना करणाऱ्या फॅनीने स्वतःच्या नावाने संग्रह छापायला आरंभ केला तो १८४६ मध्ये, आणि दुसऱ्याच वर्षी ती गेली. रोमँटिक काळाने ‘मी’चा एवढा उत्सव केला, पण तो ‘मी’ बहुतेक वेळा पुरुषाचाच होता.

फेलिक्स मेंडेल्सोन (१८०९ ते १८४७) स्वभावाने रोमँटिक आणि घडणीने अभिजात. शेक्सपियरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’वरचे त्याचे ओव्हर्चर सतराव्या वर्षीचे आहे, आणि त्यातली व्हायोलिनांची पऱ्यांसारखी कुजबुज तोवर कुणी ऐकली नव्हती. त्याचे दुसरे मोठे काम म्हणजे ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनमध्ये त्याने सादर केलेले बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’. सुमारे शंभर वर्षांपूर्वीची ही कृती लोक विसरले होते. तोवर श्रोते मुख्यतः समकालीनांचे संगीत ऐकत. यानंतर दिवंगतांच्या रचना पुन्हा पुन्हा वाजवण्याची प्रथा घट्ट झाली, आणि प्रत्येक नव्या रचनाकाराला मोठ्या पूर्वजांच्या सावलीत उभे राहावे लागले.

पियानोच्या छोट्या रचना एका टोकाला, तर दुसऱ्या टोकाला फुगत जाणारा वाद्यवृंद. हेक्टर बेर्लियोझ (१८०३ ते १८६९) वैद्यकीचे शिक्षण सोडून संगीतात आला. १८२७ मध्ये पॅरिसला आलेल्या इंग्रज नाटक कंपनीत ऑफिलियाची भूमिका करणाऱ्या हॅरिएट स्मिथसनला पाहून त्याला वेड लागले. त्या वेडातून ‘सिंफनी फांतास्तिक’ निर्माण झाली आणि ५ डिसेंबर १८३० रोजी सादर झाली. तिचे पाच भाग एक कथा सांगतात, आणि ती कथा छापून श्रोत्यांना देण्यात आली होती. प्रेयसीसाठी एक ठरावीक चाल आहे, ती प्रत्येक भागात वेगळ्या रूपात येते : नृत्याच्या मेळाव्यात, रानात, वधस्तंभावर क्षणभर क्लॅरिनेटवर, आणि तेवढ्यात सगळा वाद्यवृंद कुऱ्हाडीसारखा कोसळतो. शेवटी चेटकिणींच्या जत्रेत तीच चाल छोट्या क्लॅरिनेटच्या किरट्या आवाजात थिल्लर नाच होऊन येते. चाल ही व्यक्ती असू शकते आणि व्यक्ती बदलते तशी तीही बदलू शकते, ही कल्पना शतकभर पुरली. बेर्लियोझने १८३३ मध्ये हॅरिएटशी लग्न केले. ते सुखाचे झाले नाही.

वाद्यांची घडणही याच काळात बदलली. जुन्या हॉर्नमधून निसर्गतः निघतील तेवढेच स्वर मिळत. षड्ज बदलायचा तर वादकाला नळीचा तुकडा काढून दुसरा बसवावा लागे. १८१५ च्या सुमारास जर्मनीत व्हॉल्व्ह निघाले आणि हॉर्न-ट्रंपेटमधून सर्व बारा स्वर सहज निघू लागले. दूरदूरच्या घरांत फिरणारी हार्मनी सबंध वाद्यवृंदाला पेलली ती या यंत्रामुळे; केवळ रचनाकारांच्या धाडसाने ते झाले नसते. ट्यूबा १८३५ मधला, सॅक्सोफोन १८४६ मधला. वादकांची संख्या वाढली तसा हातात काठी घेऊन समोर उभा राहणारा संचालक आवश्यक झाला. या भरगच्च वाद्यवृंदाचा एक दूरचा वारसा भारतातही आला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले, आणि हिंदी गाण्यांमागे व्हायोलिनांची जी लाट उसळते ती त्यांनी घडवली.

फ्रान्झ लिस्ट (१८११ ते १८८६) या हंगेरीत जन्मलेल्या कलावंतात शतकाची दोन्ही टोके एकत्र आली. १८३२ मध्ये पॅरिसला त्याने पागानिनीचे व्हायोलिन ऐकले आणि पियानोवर तसेच अशक्य वाटणारे काही करायचे ठरवले. एकट्या वादकाच्या मैफलीला ‘रिसायटल’ हे नाव १८४० मध्ये लंडनला त्याच्याच कार्यक्रमासाठी वापरले गेले. तरुणी त्याच्यासाठी वेड्या होत, आणि कवी हाइनेने त्या ज्वराला ‘लिस्टोमॅनिया’ म्हटले. पण कीर्तीच्या शिखरावर असताना, १८४७ मध्ये, त्याने पैसे घेऊन वाजवणे थांबवले आणि वायमारला जाऊन रचना, संचालन व अध्यापन सुरू केले. कविता, चित्र किंवा कथेवर आधारलेली एकाच भागाची वाद्यवृंद-रचना त्याने रूढ केली आणि तिला ‘सिंफनिक पोएम’ म्हटले. शिष्यांकडून तो शुल्क घेत नसे. लिस्टला केवळ चमत्कार दाखवणारा वादक समजणे अन्यायाचे आहे. इतरांच्या नव्या कामासाठी त्याने जेवढे केले तेवढे त्या काळात क्वचितच कुणी केले असेल.

त्याचा सर्वांत मोठा लाभार्थी रिचर्ड वॅग्नर (१८१३ ते १८८३). १८४९ च्या ड्रेस्डेनमधल्या उठावात भाग घेतल्यामुळे तो परागंदा झाला, तेव्हा त्याचा ‘लोहेनग्रिन’ ऑपेरा लिस्टनेच वायमारला रंगमंचावर आणला. काव्य, संगीत, अभिनय आणि दृश्य यांची एकच कला व्हावी, असा वॅग्नरचा आग्रह होता, आणि आपल्या ऑपेरांचे शब्दही तो स्वतःच लिही. ‘रिंग’ ही चार संध्याकाळींची, सुमारे पंधरा तासांची कृती पुरी व्हायला पाव शतक लागले. तिच्यासाठी बायरॉइट गावात खास नाट्यगृह बांधले गेले आणि १८७६ मध्ये ते उघडले. तिथे वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खड्ड्यात, प्रेक्षकांना न दिसेल असा बसतो. पात्रे, वस्तू, शपथा यांना जोडलेल्या छोट्या चाली, लाइटमोटिफ, वाद्यवृंदात विणलेल्या असतात. पात्र गप्प असते तेव्हाही त्याच्या मनातले वाद्ये सांगतात. याच वॅग्नरने १८५० मध्ये ज्यू संगीतकारांविरुद्ध विखारी लेख टोपणनावाने लिहिला, आणि १८६९ मध्ये स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. त्याच्या संगीताची थोरवी मान्य करतानाही हा डाग पुसता येत नाही.

हार्मनीच्या इतिहासात मात्र ‘रिंग’हून महत्त्वाचा ठरला तो ‘ट्रिस्टान आणि इझोल्डे’. व्हिएन्नात सत्तरहून अधिक तालमींनंतर तो अशक्य म्हणून सोडून देण्यात आला होता. १० जून १८६५ रोजी म्युनिकला तो प्रथम सादर झाला. सुरुवातीलाच चेलोंची एक चाल वर झेप घेऊन खाली सरकते आणि एका विसंवादी कॉर्डवर येऊन थबकते. तिचे उत्तर म्हणून येणारी कॉर्डही अस्थिरच. मग शांतता, मग तेच पुन्हा वरच्या स्वरावरून. एका विसंवादातून दुसऱ्यात जाणारे हे संगीत पुढे तासन्‌तास पाय टेकू देत नाही. दुसऱ्या अंकातल्या प्रेमिकांच्या युगुलगीतात वाटते की आता विसावा मिळणार, आणि अगदी त्याच क्षणी इझोल्डेचा नवरा असलेला राजा आत येतो, कॉर्ड फुटते. तेच संगीत तिसऱ्या अंकाच्या शेवटी, ट्रिस्टानच्या देहापाशी इझोल्डे गाते तेव्हा परत येते. सुरुवातीची ती कॉर्ड अखेरच्या पानावर, जवळजवळ चार तासांनी, शांत होते. वासनेची पूर्ती जगण्यात नसून मरणात आहे, हे शोपेनहाउअरच्या तत्त्वज्ञानातून घेतलेले सूत्र वॅग्नरने स्वरांच्या व्याकरणातच बसवले.

ज्या वर्षी बायरॉइट उघडले, त्याच वर्षी योहानेस ब्राम्सची (१८३३ ते १८९७) पहिली सिंफनी वाजली. तो त्रेचाळीस वर्षांचा होता आणि बेथोव्हेननंतर सिंफनी लिहायची या धास्तीने त्याने तिच्यावर वीसेक वर्षे घालवली होती. कथा, चित्र, नाट्य यांचा आधार न घेता जुन्या चौकटीतच खोल जाता येते, असा त्याचा विश्वास. व्हिएन्नाचा समीक्षक हान्स्लिक त्याचा पाठीराखा होता, आणि दोन तट पडून वर्तमानपत्रांत लढाया झाल्या. आज ऐकताना त्या लढाईतली तीव्रता जाणवत नाही. ब्राम्सच्या मंद भागांतली हुरहुर वॅग्नरइतकीच रोमँटिक आहे, फक्त ती बंद दाराआड आहे. इटलीत जुझेप्पे व्हेर्दी (१८१३ ते १९०१) या वादांपासून दूर राहून माणसाच्या आवाजावर भिस्त ठेवत लिहीत राहिला. इटलीच्या एकीकरणाच्या चळवळीत त्याच्या नावाचा जयजयकार म्हणजे राजा व्हित्तोरियो एमानुएलेचा गुप्त जयघोष झाला, कारण राजाच्या नावाची आणि पदवीची आद्याक्षरे जुळून ‘व्हेर्दी’ होत असे.

शतकाच्या उत्तरार्धात राष्ट्रभावना संगीतात उघडपणे बोलू लागली. रशियात पाच जणांच्या गटाने जर्मन शिस्तीपेक्षा लोकगीते आणि चर्चमधले सूर जवळ केले. त्यांतला बोरोदिन रसायनशास्त्रज्ञ, रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदलात, मुसोर्गस्की आधी सैन्यात आणि मग सरकारी कचेरीत. चायकॉव्हस्की (१८४० ते १८९३) मात्र सेंट पीटर्सबर्गच्या नव्या संगीत महाविद्यालयात रीतसर शिकला. नादेझ्दा फॉन मेक या श्रीमंत विधवेने त्याला बरीच वर्षे आर्थिक आधार दिला, अट एकच : प्रत्यक्ष भेटायचे नाही. त्याची सहावी सिंफनी मोठ्या जल्लोषात न संपता चेलो आणि डबलबासच्या खोल सुरांत विझत जाते. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी त्याने ती स्वतः सादर केली आणि नऊ दिवसांनी तो मरण पावला. बोहेमियात स्मेतानाने व्हल्टावा नदीचा उगमापासून प्राग शहरापर्यंतचा प्रवास वाद्यवृंदात उतरवला, तेव्हा तो नुकताच पूर्ण बहिरा झाला होता. ड्वोर्झाक न्यूयॉर्कला शिकवायला गेला. तिथे शिकणारा कृष्णवर्णीय विद्यार्थी हॅरी बर्ली याच्याकडून त्याने गुलामगिरीच्या काळातली भक्तिगीते ऐकली, आणि १८९३ च्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीत अमेरिकेचे कुतूहल आणि घरची आठवण एकत्र आली. नॉर्वेत ग्रीग आणि फिनलंडमध्ये सिबेलियस यांनी आपापल्या देशाचा सूर शोधला.

शतक उलटताना सगळेच आकार ताणले गेले होते. गुस्ताव्ह माहलरची आठवी सिंफनी १२ सप्टेंबर १९१० रोजी म्युनिकला वाजली, तेव्हा वादक-गायक मिळून हजाराहून अधिक जण मंचावर होते. आतून हार्मनीची वीणही सैल होत चालली होती. षड्ज इतका दूर गेला होता की तो कुठे आहे हे श्रोत्याला आठवेनासे झाले. ‘ट्रिस्टान’च्या भाषेत वाढलेल्या आर्नोल्ड शोनबर्गने १९०८ मध्ये आपल्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या शेवटच्या भागात स्वरलिपीवरून आधारस्वराची खूणच काढून टाकली. चार तंतुवाद्यांबरोबर तिथे एक गायिका पृथ्वीपासून सुटून जाण्याविषयीची कविता गाते. या भागाची अखेरची कॉर्ड मात्र शुद्ध मेजर, म्हणजे शांत, स्थिरावलेली आहे.

वर्षे मोजली तर कालखंड इथे संपतो, माणसे मात्र राहिली. रिचर्ड स्ट्राउस १९४९ पर्यंत जगला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्याने आवाज आणि वाद्यवृंदासाठी काही गीते लिहिली. त्यांतल्या एकात आइशेनडॉर्फ या रोमँटिक कवीच्या कवितेतले वृद्ध जोडपे हातात हात घेऊन सूर्यास्त पाहते आणि हाच का मृत्यू, असे विचारते. गायिका थांबल्यावर वाद्यवृंदात स्ट्राउसच्याच साठ वर्षांपूर्वीच्या ‘मृत्यू आणि रूपांतर’ या रचनेतली चाल हळूच येऊन जाते. मग दूरवर दोन चंडोलांची फडफड बासऱ्यांत ऐकू येते, आणि त्यांच्याखाली मूळ घराची कॉर्ड बराच वेळ स्थिर राहते.